‘बॅकग्राउंडला हात लावू नका’ हा सल्ला का धोक्याचा आहे

विद्युतचुंबकीय सिम्युलेशन शिकणाऱ्या बडोद्यातील विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यातली विधाने थोडक्यात अशी: मॉडेलमध्ये आपण न रेखाटलेल्या जागेत, म्हणजे बॅकग्राउंडमध्ये, सॉफ्टवेअर आपोआप हवा धरते; हवा आणि निर्वात यांत फरक नसतो; माध्यम वेगळे असले तरी उत्तर थोडेच हलते आणि हलले तरी ते सुरक्षित बाजूलाच राहते; म्हणून बॅकग्राउंडचे गुणधर्म आहेत तसेच ठेवावेत. यातले एक विधान बरोबर आहे, बाकीची चुकीची आहेत. आणि चुकीच्या उत्तराचे आलेख दिसायला बरोबर उत्तराइतकेच नीटनेटके असतात, म्हणून या संदेशाला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले.

पहिले विधान सॉफ्टवेअरगणिक खोटे ठरते. एचएफएसएस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलबाहेरचा सारा भाग मुळात परिपूर्ण सुवाहक, म्हणजे शून्य रोधाचा आदर्श धातू, मानला जातो. पॅच अँटेनाभोवती (विद्युतरोधक पाटीवरचा धातूचा सपाट तुकडा) हवेची पेटी न रेखाटता आणि तिच्या बाह्य पृष्ठांवर विकिरण-सीमा (लहरींना बाहेर जाऊ देणारी सीमा) न लावता गणित चालवले, तर सब्सट्रेटच्या, म्हणजे त्या पाटीच्या, सर्व बाजू धातूने बंद होतात, पॅच त्या धातूतच मिसळतो आणि ऊर्जेला बाहेर पडायला वाट उरत नाही. सीएसटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकग्राउंड काय असेल, हे निवडलेल्या टेम्प्लेटवर (तयार मांडणीवर) अवलंबून असते: अँटेनासाठी निर्वात, तर वेव्हगाइड (लहरी वाहणारी धातूची पोकळ नळी) फिल्टरसाठी बहुधा परिपूर्ण सुवाहक. फिल्टरच्या बाबतीत ही सोयीची पद्धत आहे, कारण फक्त आतली पोकळी रेखाटली की भोवतीच्या भिंती आपोआप तयार होतात. मात्र त्याच फाइलमध्ये पुढे मोकळ्या जागेत लहरी सोडणारा हॉर्न अँटेना जोडायचा झाला, तर बॅकग्राउंड बदलावाच लागतो. कॉमसॉल या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर हवेचा भाग स्वतः रेखाटून त्याला पदार्थ नेमून द्यावा लागतो.

हवा आणि निर्वात यांच्याविषयीचे विधान मान्य आहे. हवेची सापेक्ष परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला माध्यम किती प्रतिसाद देते याचे निर्वाताच्या तुलनेतले माप) सुमारे 1.0006 आहे आणि नेहमीच्या कामात हा फरक जाणवत नाही.

‘सुरक्षित बाजू’ हा मुद्दा बडोद्यात विशेष काळजीने तपासला पाहिजे, कारण मकरपुरा-माणेजा भागात ट्रान्सफॉर्मर आणि विद्युत उपकरणांचे काम चालते आणि इथल्या अनेक विद्यार्थ्यांचे पहिले सिम्युलेशन इन्सुलेशनचेच असते. समजा, धातूच्या दोन समांतर पत्र्यांमध्ये एकावर एक 10 मिमी प्रेसबोर्ड (ट्रान्सफॉर्मरमधला दाबलेला इन्सुलेशन-पुठ्ठा) आणि 10 मिमी मोकळी फट आहे, पत्र्यांमध्ये 40 किलोव्होल्ट प्रत्यावर्ती दाब आहे आणि फटीत प्रत्यक्षात तेल आहे. प्रेसबोर्डची सापेक्ष परमिटिव्हिटी 4.4 आणि तेलाची 2.2 धरली, तर तेलात दर मिमीला सुमारे 2.67 आणि प्रेसबोर्डमध्ये 1.33 किलोव्होल्ट इतके विद्युतक्षेत्र, म्हणजेच इन्सुलेशनवरचा ताण, येते. तेल न नेमता बॅकग्राउंड निर्वातच ठेवला, तर फटीत 3.26 आणि प्रेसबोर्डमध्ये केवळ 0.74 किलोव्होल्ट दिसते. म्हणजे फटीतला ताण वाढवून दाखवला जातो, पण घन इन्सुलेशनमधला ताण खऱ्याच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. ज्या भागाची जाडी ठरवायची आहे त्याच भागाबद्दल उत्तर दिलासा देणारे आणि खोटे असेल, तर त्याला सुरक्षित म्हणता येणार नाही.

उच्च वारंवारतेला ‘थोडेच हलते’ हे विधानही टिकत नाही. 2.45 गिगाहर्ट्झला मोकळ्या जागेत तरंगलांबी सुमारे 122 मिमी असते. स्नायूची सापेक्ष परमिटिव्हिटी त्या वारंवारतेला सुमारे 53 असल्यामुळे तिथे ती 17 मिमीच्या आसपास येते. हवेत जुळवलेला अँटेना शरीरात रोपण केल्यावर पार बेसूर होतो, म्हणजे ठरलेल्या वारंवारतेला जुळत नाही. तरीही संपूर्ण बॅकग्राउंडलाच स्नायूचे गुणधर्म देणे हा यावरचा उपाय नव्हे. लहरीची ऊर्जा शोषणाऱ्या अमर्याद माध्यमात लहर अंतरानुसार विझत जाते, त्यामुळे दूरक्षेत्रातल्या (अँटेनापासून बऱ्याच दूरच्या) गेनला, म्हणजे अँटेना एका दिशेने किती ऊर्जा पाठवतो या मापाला, नेहमीचा अर्थच उरत नाही. योग्य आकाराचा ऊतीचा ठोकळा रेखाटावा, अँटेना त्यात ठेवावा आणि ठोकळ्याबाहेर निर्वात ठेवावा.

शिवाय, ‘आहेत तसेच ठेवा’ असे म्हणताना एक व्यवहार विसरला जातो. 50 हर्ट्झच्या चुंबकीय गणितात हवेची वाहकता शून्य ठेवली की समीकरणसंच कधीकधी सुटत नाही, म्हणून तिला मुद्दाम लहानशी वाहकता देतात, उदाहरणार्थ 1 सीमेन्स प्रति मीटर. त्या वारंवारतेला अशा हवेतली त्वचा-खोली (लहर विझत जाण्याआधी जितकी आत शिरते ते अंतर) सुमारे 71 मीटर येते. काही मीटरांच्या ट्रान्सफॉर्मर-टाकीसाठी ही वाहकता निरुपद्रवी आहे. पण तीच फाइल 2.45 गिगाहर्ट्झच्या कामासाठी पुन्हा वापरली, तर खोली साधारण सेंटिमीटरभर उरते आणि लहर अँटेनाजवळच शोषली जाते. म्हणून कोणाचीही तयार फाइल उघडल्यावर, मेशिंगच्या (मॉडेलचे गणितासाठी लहान तुकडे पाडण्याच्या) आधी, बॅकग्राउंडची परमिटिव्हिटी, पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्रासाठीचे तसेच माप) आणि वाहकता वाचून आपल्या वारंवारतेशी ताडून पाहावी, आणि शंका असल्यास माध्यम बदलून गणित पुन्हा चालवावे.