कापलेल्या गवताचा वास म्हणजे किंकाळी?

"कापलेल्या गवताचा वास म्हणजे गवताची किंकाळी. तो मैलोगणती पसरतो, सगळी झाडं सावध होतात आणि एकमेकांना वाचवतात." हा मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातोय. झाडांना वासावरून शेजारची खबर लागते, हे खरंच आहे. म्हणूनच त्याचा असा विचका झालेला बघवत नाही.

आधी किंकाळी. पान फाटलं की पेशींच्या पटलातली मेदाम्लं मोकळी होतात, विकरं (एन्झाइम) त्यांचे तुकडे करतात आणि काही सेकंदांत तो हिरवा, ओलसर वास सुटतो. एखादं पान बोटांत चुरडून बघा, तसाच येईल. वेदना जाणवायला मज्जासंस्था लागते. ती वनस्पतींना नाही.

'मैलोगणती' तर निव्वळ फेकाफेक. अमेरिकेत रिचर्ड कार्बन यांनी सेजब्रशवर (हे दवण्याचं भावंड) वर्षानुवर्षं प्रयोग केले. झुडूप छाटलं की त्याच्या वासाने शेजारच्या झुडपाची पानं किडे कमी खायचे, पण साधारण ६० सेंटिमीटरच्या आतच.

शिवाय हा इशारा शेजाऱ्यासाठीच असतो कशावरून? सेजब्रशच्या फांद्यांमधल्या रसवाहिन्या एकमेकींशी फारशा जोडलेल्या नसतात. एका फांदीला कीड लागल्याचं त्याच झुडपाच्या दुसऱ्या फांदीलाही हवेतूनच कळतं. मला तरी हा मुळात घरातल्या घरातला निरोप वाटतो. शेजारी तो कान देऊन ऐकतो.

आणि 'वाचवतात'? अमरवेलीचं कोवळं रोप टोमॅटोच्या वासाच्या दिशेने झुकतं, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. तिथे पोचून ते त्याचाच रस शोषतं.

खरं नवल त्या ऐकण्यात आहे, आणि नेमकं तेच या मजकुरात नाही. नाक नसताना वास कळतो कसा? पेशीला इशारा मिळाला की तिच्यात कॅल्शियम वाढतं. म्हणून जपानच्या सैतामा विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅल्शियम वाढलं की चमकणारी रोपं वापरली. २०२३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या हिरव्या वासातला एक घटक हवेत सोडल्यावर सुमारे मिनिटाभरात आधी पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांच्या, कडेच्या रक्षक पेशी उजळल्या, मग पानाच्या आतल्या पेशी. रंध्रं आधीच मिटवून ठेवलेल्या पानांत मात्र ही चमक मंदावली. म्हणजे वास आत शिरतो तो मुख्यतः या रंध्रांतूनच.