ब्रॉम्प्टनचे बॉयलर आणि आमच्या वाड्याची चौकट

लेकीकडे लंडनला आले की नातीला घेऊन बेथनल ग्रीनच्या 'यंग व्ही अँड ए' या मुलांच्या संग्रहालयात माझी एक तरी फेरी होतेच. परवा ती तिथल्या फरशीवर फतकल मारून बसली आणि एकेका खवल्यावर बोट ठेवून मोजायला लागली. काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे बारीक तुकडे, माशाच्या खवल्यांसारखे. "आजी, हे कोणी केलं गं?" मी सांगितलं, वोकिंगच्या तुरुंगातल्या कैदी बायकांनी. ती गप्प झाली आणि पुन्हा मोजायला लागली, जरा हळू हात फिरवत.

वर मान केली की लोखंडी खांब आणि छताच्या कमानी दिसतात. हा सांगाडा मुळात इथला नाहीच. 1851 च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनाच्या नफ्यातून साउथ केन्सिंग्टनला, म्हणजे आज जिथे मोठं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ('व्ही अँड ए') संग्रहालय आहे तिथे, जमीन घेतली गेली आणि वस्तू मांडायला तिथे घाईघाईने हे लोखंडी घर उभं केलं. 1857 मध्ये ते लोकांना खुलं झालं. दिसायला तीन बॉयलर शेजारी शेजारी आडवे टाकल्यासारखं, म्हणून लोकांनी 'ब्रॉम्प्टनचे बॉयलर' म्हणून त्याची खूप टर उडवली; ब्रॉम्प्टन हा तिथलाच भाग. पुढे तिथे पक्क्या इमारती झाल्या आणि हे नकोसं झालं.

मला इथून पुढचं फार महत्त्वाचं वाटतं. ते भंगारात गेलं नाही. उत्तर, दक्षिण आणि पूर्व लंडनला विचारलं, कुणाला हवंय का? पुढे आलं ते फक्त पूर्व लंडन, म्हणजे हे बेथनल ग्रीन. रेशीम विणणाऱ्यांची, लाकडी सामान करणाऱ्या कारागिरांची गरीब वस्ती. जागा मिळाली, सांगाडा सुटा करून आणला, बाहेरून लाल विटांच्या भिंती घातल्या आणि 24 जून 1872 ला दार उघडलं. आपलं राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही त्याच वर्षी, 2 मेला उघडलं. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं.

पण इमारत आली म्हणून ती लगेच वस्तीची झाली नाही. सुरुवातीला रिचर्ड वॉलेस यांच्या संग्रहातली चित्रं होती, ती 1875 मध्ये गेली. मग बरीच वर्षं साउथ केन्सिंग्टनच्या मोठ्या संग्रहालयाचं उरलंसुरलं इथे येत राहिलं. 1922 मध्ये आर्थर सेबिन प्रमुख झाले. कंटाळलेली, गोंगाट करणारी पोरं रोज इथे येतात हे त्यांनी पाहिलं आणि त्या पोरांसाठीच मांडणी सुरू केली. 1974 मध्ये ते बालपणाचं संग्रहालय झालं, 2023 मध्ये नव्या रूपात उघडलं. आजही तिकीट नाही. आसपासच्या बंगाली आया बाबागाड्या घेऊन दुपारभर बसलेल्या असतात.

म्हणून मला कळकळीने सांगायचंय. जुनी वास्तू जागेवर राहणं सगळ्यात चांगलं. ते जमतच नसेल तर ती मोजून, एकेका भागावर क्रमांक घालून उतरवा आणि जिथे संग्रहालय नाही अशा तालुक्याच्या गावी न्या. आत त्या गावाच्या वस्तू ठेवा. आपल्याकडे हे होत नाही असं कुणी म्हणू नये. कोथरूडचा मस्तानी महाल दिनकर केळकरांनी आपल्या संग्रहालयात आणून उभा केलाच की!

आमच्या गावचा वाडा पाडला तेव्हा मी तिथेच होते. नक्षीचे खांब, तुळया, कडीपाट, सगळं दोन दिवसांत ट्रकमध्ये भरून लाकूडवाल्याकडे गेलं. कोणता खांब ओसरीचा, कोणता माजघरातला, एकावरही कुणी खूण केली नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

देवडीची चौकट तेवढी राहिली आहे, मागच्या परसात, पत्र्याखाली. दिवाळीत गेले की आधी तिची मापं घेणार, प्रत्येक तुकड्यावर रंगाने क्रमांक घालणार आणि शाळेशेजारची जागा मागायला ग्रामपंचायतीत जाणार आहे. गावातलं कुणी हे वाचत असेल तर माझ्याबरोबर चला.