‘डॉस-टू-युनिक्स मारा, विषय संपला’? नाही संपत

विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट (ओळीने चालवायच्या कमांडची फाइल) लिनक्सवर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणाली, की एक ठरलेला तोडगा हमखास पुढे येतो: आधी सीएचमॉड करा (फाइल चालवायची परवानगी द्या), नाहीच जमलं तर पुढे ‘बॅश’ (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) लावून चालवा, शेवटी ओळींचे शेवट बदलणारं डॉस-टू-युनिक्स मारा, विषय संपला. यातले पहिले दोन उपाय चुकीचे, तिसरा अर्धवट.

सीएचमॉडचं लवकर आटपतं. परवानगी नसती तर ‘परमिशन डिनाइड’ आलं असतं. इथे तक्रार फाइल सापडत नसल्याची आहे आणि ती खरी आहे. फक्त न सापडलेली फाइल तुमची स्क्रिप्ट नव्हे. विंडोजच्या पद्धतीत ओळीच्या शेवटी दोन अक्षरं असतात, कॅरेज रिटर्न (कोड 13) आणि लाइन फीड (कोड 10). टेलिटाइपच्या काळातली ही जोडी सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममार्गे डॉसमध्ये आली. युनिक्सला आणि म्हणून लिनक्सला एकटा 10 पुरतो. म्हणून शेबँग (स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ) वाचताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 13 ला नावाचाच भाग समजतो आणि शेपटीला अदृश्य अक्षर चिकटलेला ‘बॅश’ शोधायला जातो. तो कुठून मिळणार?

‘बॅश लावून चालवा’ हा सल्ला मात्र घातक. असं चालवलं की शेबँग ही नुसती कॉमेंट ठरते, पहिली एरर गायब होते आणि 13 आत शिरतो. लूपमधल्या ‘डू’ला चिकटला तर निदान सिंटॅक्स एरर तरी येते. पण ‘एमकेडिर लॉग’ (‘लॉग’ नावाचं फोल्डर बनव) एवढीच ओळ असेल तर काहीच कुरकुर होत नाही. फोल्डर बनतं, नावाच्या शेवटी 13 घेऊन, आणि दुसरा प्रोग्राम ‘लॉग’ शोधत राहतो. ‘एक्झिट 0’ला (‘यशस्वी’ सांगून बाहेर पड) तोच चिकटला की सगळं काम नीट करूनही स्क्रिप्ट अपयशाचा कोड देऊन बाहेर पडते. रात्रीच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, हे शोधायला बसा म्हणजे कळेल.

डॉस-टू-युनिक्स त्या फाइलपुरतं काम करतं, यात वाद नाही. (त्याऐवजी सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने अख्ख्या फोल्डरवरून हात फिरवू नका, चित्रांच्या फाइलीही बिघडतील. असे घोटाळे पकडता यावेत म्हणूनच पीएनजी चित्रांच्या पहिल्या आठ बाइट्समध्ये 13, 10 आणि पुढे पुन्हा 10 मुद्दाम ठेवलेत.) पण 13 आला कुठून? बहुतेक वेळा एडिटरमधून नाही, गिटमधून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन). विंडोजवर ‘ऑटोसीआरएलएफ’ (ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे करणारी गिटची सेटिंग) चालू असेल तर रेपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या साठ्यात, नीट असलेली फाइल चेकआउट होताना, म्हणजे डिस्कवर उतरताना, बदलते. तीच डॉकर इमेजमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं पॅकेज) कॉपी होते आणि त्यातून चालणारा कंटेनर सुरू होताच कोसळतो. तुम्ही दुरुस्त केलेली प्रत तुमच्याच मशीनवर राहते. शेजारच्या टेबलावर उद्या तेच रडगाणं.

नियम रेपॉझिटरीतच हवा: गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये एसएच फाइलींसाठी (शेल स्क्रिप्टसाठी) ‘ईओएल’ची, म्हणजे ओळीच्या शेवटाची, किंमत ‘एलएफ’ (एकटा लाइन फीड). 13 आधीच कमिट झाला, म्हणजे रेपॉझिटरीत नोंदला गेला, असेल तर गिट ॲडला ‘रिनॉर्मलाइझ’ पर्याय देऊन पुन्हा कमिट करा. आणि विंडोजवाल्यांना जुनी प्रत काढून ती फाइल नव्याने चेकआउट करायला सांगा, कारण नियम आला म्हणून डिस्कवरची फाइल आपोआप बदलत नाही.