अल्योखिन भित्रा नव्हता

सध्या रशियन लेखक अंतोन चेखवच्या प्रेमकथांचं एक संकलन वाचतेय. रात्री सगळं आवरून झालं की एक कथा. लगेच दुसरी घ्यावीशी वाटत नाही, पहिलीच डोक्यात फिरत राहते. आमच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये 'प्रेमाविषयी' या कथेवर बोलणं निघालं, तेव्हा जवळपास सगळ्यांचं मत पडलं की तिचा नायक अल्योखिन भित्रा आहे. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

1898 ची कथा. अल्योखिन चांगला शिकलेला, पण वडिलांनी कर्ज करून ठेवलेलं आणि त्यातलं काही याच्याच शिक्षणापायी झालेलं. ते फेडल्याशिवाय गाव सोडायचं नाही असं ठरवून तो शेतीला लागतो, स्वतः नांगर धरतो. कोर्टाच्या कामासाठी शहरात जाणं-येणं असतं. तिथे लुगानोविच नावाच्या अधिकाऱ्याच्या घरी त्याची आनाशी ओळख होते. ती बावीसेक वर्षांची, सहा महिन्यांपूर्वी पहिलं मूल झालेलं. दोघांचा एकमेकांवर जीव जडतो आणि वर्षानुवर्षं कुणी चकार शब्द काढत नाही. नाटकाला शेजारी बसतात, खांद्याला खांदा लागतो, बाहेर पडताना मात्र परक्यासारखा निरोप घेतात.

आणि नवरा वाईट नाही हो! तिथेच सगळी अडचण आहे. सावकाराने तगादा लावला तर आमच्याकडून घ्या, असं नवराबायको दोघंही अल्योखिनला मनापासून सांगतात. मुलांनाही त्याचा लळा. अशा घरातून तिला तो कुठे नेणार होता? हा प्रश्न तो स्वतःला विचारतो. माझं आयुष्य काही वेगळं, मोठं असतं तर गोष्ट निराळी. पण एका रोजच्या रहाटगाडग्यातून काढून तिला दुसऱ्या रहाटगाडग्यात घालायचं? मी आजारी पडलो तर? मेलो तर? प्रेमच आटलं तर? ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला हे प्रश्न पडणारच. त्याला भित्रेपणा म्हणणं मला फार सोपं वाटतं.

शेवटी लुगानोविचची बदली होते. त्याआधी आना प्रकृतीसाठी क्रिमियाला निघते. गाडी सुटायला क्षणभर उरलेला असताना तिची विसरलेली टोपली द्यायला अल्योखिन डब्यात चढतो आणि तिथे दोघांचा बांध फुटतो. आपल्याला अडवणाऱ्या गोष्टी किती क्षुल्लक होत्या, हे त्याला तेव्हा कळतं. ग्रुपमध्ये सगळ्यांनी याच वाक्याचा आधार घेतला: बघा, तोच कबूल करतोय! पण त्यानंतर तो काय करतो? शेजारच्या रिकाम्या डब्यात बसून पुढच्या स्टेशनापर्यंत रडतो आणि तिथून पायी घरी जातो. ते कळणंही खरं आणि हे पायी परतणंही खरं. चेखव दोन्ही तसंच ठेवतो. निकाल देण्याची घाई आपल्याला असते.

क्रिमियातल्या याल्टा गावात सुरू होणारी 'लेडी विथ द डॉग' ही चेखवची कथा सगळ्यांनी वाचलेली असते, तिच्याबद्दल एवढंच: तिचा विवाहित नायक गुरोव चोरून आनाला (ही आना वेगळी) भेटायला निघालाय, वाटेत मुलीला शाळेत सोडतोय आणि थंडीत मेघगर्जना का होत नाही हे तिला समजावून सांगतोय. एका माणसाच्या दोन आयुष्यांबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मला खरं भांडायचंय ते 'द डार्लिंग'वरून. 1899 च्या या कथेतली ओलेंका ज्याच्यावर प्रेम करते त्याचीच मतं तिची होतात. पहिला नवरा नाटकवाला, तेव्हा जगात नाटकाइतकं महत्त्वाचं काही नाही. दुसरा लाकडाचा व्यापारी, तर स्वप्नातही फळ्या आणि ओंडके. मग गुरांचा डॉक्टर. तो निघून गेल्यावर तिला कशाबद्दल काही मतच उरत नाही. टॉल्स्टॉयला ही कथा अतिशय आवडली. चेखव तिची थट्टा करायला बसला आणि नकळत आशीर्वाद देऊन गेला, असं त्यांनी लिहिलं. मॅक्झिम गॉर्की या दुसऱ्या रशियन लेखकाला तिच्यात गरीब, मवाळ गुलाम दिसली.

दोघेही थोर, पण दोघांचंही मला पटत नाही. टॉल्स्टॉय तिला बाईपणाचा आदर्श करून टाकतात, आणि आपल्याकडे या आदर्शाखाली किती बायका स्वतःचं मत गिळून बसल्या हे मी जवळून पाहिलंय. गॉर्की तिला नुसती गुलाम म्हणतो, तेव्हा तिच्या मायेची ताकद त्याच्या नजरेतून निसटते. शेवटी त्या डॉक्टरचा शाळकरी मुलगा साशा तिच्याकडे राहायला येतो. ती त्याच्या मागेमागे शाळेपर्यंत जाते आणि तो लाजून म्हणतो, मावशी, तू घरी जा, मी जाईन एकटा. ती थांबते, पण तो आत जाईपर्यंत बघत उभी राहते. तिचं प्रेम त्या पोराला जड होतंय, हे चेखवने लपवलेलं नाही. ते प्रेम सच्चं आहे, हेही लपवलेलं नाही.

चेखव पेशाने डॉक्टर होता, स्वतः क्षयाने आजारी. 1901 मध्ये त्याने ओल्गा निपर या अभिनेत्रीशी लग्न केलं. ती नाटकांसाठी मॉस्कोत, तो प्रकृतीसाठी याल्ट्यात, आणि संसाराचा बराचसा भाग पत्रांतून. 1904 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी तो गेला. या कथा मात्र लग्नाच्या आधीच्या आहेत, त्यामुळे त्यांत त्याचा संसार शोधत बसू नये असं मला वाटतं.

कुणी वाचायला घेणार असाल तर याल्ट्याच्या कथेपासून सुरुवात करू नका. आधी 'प्रेमाविषयी' वाचा, मग ओलेंका. आणि ओलेंकाबद्दल टॉल्स्टॉय बरोबर की गॉर्की, की तुमचं तिसरंच काही, ते खाली जरूर लिहा. ग्रुपमधल्या मंडळींनी तर लिहाच.