गायकवृंद घडवणं हे निम्म्याहून मोठं काम

चर्चमधल्या ऑर्गनवादकाच्या आयुष्यभराच्या सेवेवरचा लेख आवडला. पण सगळा भर वादनावर आहे, गायकवृंद घडवण्याला जेमतेम दोन ओळी मिळाल्या. मी नागपुरात सदर भागातल्या एका चर्चमध्ये अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते, म्हणून लिहावंसं वाटलं.

आमचे ऑर्गनवादक सर तालमीला टेनर आणि बेस, म्हणजे पुरुषांचे वरचे आणि खालचे आवाज, आधी वेगळे बसवतात. ज्यांना नोटेशन वाचता येत नाही त्यांच्याकडून सारेगममध्ये ओळ घोटून घेतात. उपासनेत दोन्ही हात पट्ट्यांवर, मग इशारा द्यायचा कशानं? मानेनं. कडव्याआधी त्यांची मान जराशी वर जाते, तेवढ्यात आम्ही श्वास घेतो. नारायण वामन टिळकांचं भजन आलं की तेच सर पेटीवर बसतात, सोबतीला तबला. तिथे चार आवाजांची हार्मनी नसते, लय धरून ठेवायची असते. एकाच सकाळी दोन्ही रीती पेलायला फार तयारी लागते.

जर्मन संगीतकार बाख तरुणपणी ऑर्गनवादक होताच, पण १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत लाइपझिगला त्यानं कँटर म्हणून काम केलं. म्हणजे मुलांना गायला शिकवणं आणि रविवारच्या उपासनेचं संगीत उभं करणं. मिळकत पुरत नाही, ही तक्रार त्यानंही पत्रात लिहिली होती!

आपल्याकडे तर मानधन बहुतेक नावापुरतंच. निदान पेटीची वेळेवर दुरुस्ती आणि मुलांच्या तालमीला एक खोली, एवढं तरी चर्चच्या मंडळीनं द्यायलाच हवं.