दारातला बूट

माझी चूक एवढीच की मी दाराजवळच्या टेबलावर बसलो. दार म्हणजे हॉटेलचं नव्हे, धूम्रपान कक्षाचं. काचेचं, वर दार आपोआप मिटवणारा डोअर क्लोजर, समोर पाटी: 'दार बंद ठेवा'. आणि दारात एक गृहस्थ. सिगारेट आत, तोंड बाहेर, आणि दार मिटू नये म्हणून मध्ये बूट.

"मी कुठे ओढायची याच्याशी सरकारचा संबंध काय?" ते मला विचारत होते. मी सरकार नाही, हे माझ्याकडे बघून कळायला हवं होतं. "धंदा मालकाचा, फुप्फुसं माझी, सिगारेट माझ्या पैशाची!"

"साहेब, दार."

"दार मालकाचं."

क्लोजर बिचारा बुटाला रेटत होता. त्या सबंध हॉटेलात कायदा पाळणारा तोच एक.

असा कक्ष चालतो तो हवेच्या दाबावर. आत सोडलेल्या हवेपेक्षा जास्त हवा एक्झॉस्ट पंख्याने थेट इमारतीबाहेर फेकायची (एसीच्या डक्टात अजिबात नाही), म्हणजे आतला दाब किंचित कमी राहतो आणि दाराखालच्या फटीतून हवा आत ओढली जाते. तपासायला टिश्यू पेपरची पट्टी पुरते. फटीशी धरली की ती आत वळली पाहिजे. पण पंख्याची ही ताकद फटीपुरतीच असते. अख्खं दार उघडं पडलं की दाबाचा फरक संपला, आणि धूर माझ्या सूपवर. त्यात वीज वाचवायला पंखा बंद ठेवलेला असला तर तो कक्ष म्हणजे नुसता काचेचा डबा. बरं, सगळं नीट बसवलं तरी दार उघडून माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याच्या पाठीला लागून थोडा धूर येतोच. वायुवीजनाचे निकष ठरवणारी ॲश्रे ही इंजिनिअरांची संस्थाही सांगते की, धोका खरोखर घालवायचा तर इमारतीत ओढूच देऊ नये.

"त्रास होतो तर दुसरीकडे जा की!"

मी जाईन हो. पण ॲशट्रे रिकामा करायला सारखा आत जाणारा पोरगा कुठे जाणार? आयर्लंडने 29 मार्च 2004 रोजी पबांतसुद्धा बंदी आणली, ती कामगारांना धुरापासून वाचवायला.

"त्यालाही स्वातंत्र्य आहे. नोकरी सोडावी." बूट जागच्या जागी.

त्यांच्या बाजूने एक मुद्दा खरंच होता. तो त्यांना सुचेना, म्हणून मीच मनातल्या मनात मांडला. स्पेनमध्ये 2006 च्या कायद्याने 100 चौरस मीटरपेक्षा मोठ्या हॉटेलांना धूम्रपान करू द्यायचं तर वेगळा भाग बांधायला लावला. मालकांनी पदरचे पैसे घालून भिंती उभ्या केल्या, आणि 2 जानेवारी 2011 ला सरकारने सरसकट बंदी आणली. भिंती राहिल्या, उपयोग गेला. तिथला मालक चिडला तर मी त्याच्याबरोबर चिडेन. सरकारने एकदा काय ते ठरवावं, हप्त्याहप्त्याने पिळू नये. बुटाशी याचा संबंध नाही.

अमेरिकेत मिनेसोटाच्या बंदीत नाटकातल्या कलाकारांना सूट होती. 2008 मध्ये तिथल्या काही बारवाल्यांनी गिऱ्हाइकांनाच कलाकार ठरवून टाकलं: ओढा खुशाल, प्रयोग चालू आहे! आमच्या गृहस्थांना तिथे मुख्य भूमिका मिळाली असती. संवाद पाठ, नेपथ्य तयार.

शेवटी मी मेन्यूकार्डाने धूर हाकायला लागलो. गृहस्थांनी डोळे चोळले.

"अहो, वारा काय घालताय? धूर माझ्या डोळ्यांत येतोय!"

आणि त्यांनी, माझ्याआधी, तक्रार केली. तोच पोरगा ओशाळून आला. "सर, तुम्हाला तिकडे बसवतो." ताट, ग्लास, अर्धं सूप उचललं आणि मला नेऊन बसवलं ते थेट टॉयलेटशेजारी.

त्या दाराला तर क्लोजरच नव्हता.