चूल वर तारेत

आमच्या आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘शकुंतला’चा, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळच्या जुन्या नॅरोगेज गाडीचा विषय निघाला की दोन दिवस दुसरं काही चालत नाही. मूर्तिजापूरचे मोठे मामा म्हणतात, नॅरोगेज आहे तशी जपा, वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास आहे तो. यवतमाळचा मामेभाऊ म्हणतो, इतिहासात बसून दवाखान्यात जाता येत नाही, ब्रॉडगेज करा. गाडी बंद होऊन वर्षं लोटली, वाद मात्र वेळेवर सुटतो. शेवटी कोणीतरी मला ओढतंच: “तू स्वित्झर्लंडात राहतो ना? सांग यांना, तिकडे कसं जपतात.”

सांगतो. पण मामांना हवं ते उत्तर यातून निघेलच असं नाही.

मी राहतो त्या कूर गावातून रेटिशे बान या इथल्या रेल्वे कंपनीच्या गाड्या डोंगरात जातात. रूळ एक मीटर रुंदीचे. आपल्याकडे याला मीटरगेज म्हणून वेगळं काढतात, इथे तो सरळ नॅरोगेजच. या मार्गावर १९२१ ते १९२९ दरम्यान विजेवर चालणारी पंधरा इंजिनं आली. पुढे-मागे लांब सोंडा, मध्ये खोलीसारखी केबिन आणि तिन्ही भाग बिजागरीने जोडलेले, म्हणजे वळणावर अंग वळवता येतं. लोक त्यांना ‘क्रोकोडिल’ म्हणतात, मगर. वजन ६६ टन, मोटारी फक्त दोन. मोटारीची ताकद आधी एका आडव्या दांड्यावर आणि तिथून साइड रॉडने, म्हणजे चाकांना बाहेरून जोडणाऱ्या दांड्यांनी, चाकांवर जाते. इंजिन विजेचं, पाय वाफेच्या इंजिनाचे.

त्यातली ४१४ आणि ४१५ ही १९२९ सालची दोन अजून धावतात. उन्हाळ्यात डाव्होस ते फिलिझूर जुन्या डब्यांची गाडी ओढतात, वाटेत वीझेनचा जवळपास ९० मीटर उंच पूल लागतो. गेल्या उन्हाळ्यात फिलिझूरला उतरलो, तर सगळे प्रवासी फोन घेऊन इंजिनाच्या तोंडाशी आणि ड्रायव्हर लांब चोचीचं तेलाचं भांडं घेऊन चाकांशी. एकेका सांध्यात तेल सोडायचं, उलट्या हाताने बेअरिंगला स्पर्श करून किती तापलंय ते बघायचं, पुढे सरकायचं. माझे वडील कल्याणच्या शेडला फिटर होते. ते अगदी असाच हात लावायचे.

वडिलांच्या हाताखालून गेला तो ‘खेकडा’. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, भोर घाटासाठी १९२८ पासून ही ४१ इंजिनं आणली. तीही तीन भागांत जोडलेली, तीही साइड रॉडवाली, आणि त्यातली पहिली दहा बांधली इथल्याच विंटरथूर शहराच्या कारखान्यात, जिथे या मगरी बांधल्या त्याच. म्हणजे सख्खी नाही तरी चुलत भावंडं. मी लहान असताना म्हातारा खेकडा यार्डात डबे ढकलायचा. आता त्यातलं एक, ‘सर लेस्ली विल्सन’, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. हे विल्सन म्हणजे मुंबईचे गव्हर्नर. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी त्यांनीच सोडली.

“स्विस लोक धावती ठेवतात, आपण रंग फासून चौथऱ्यावर चढवतो,” असं वाक्य माझ्या जिभेवर इथे आल्यापासून तयार होतं. परदेशात राहिलं की अशी वाक्यं फुकट मिळतात. पण ते अर्धंच खरं आहे.

वाफेचं इंजिन आपली चूल सोबत घेऊन हिंडतं. कोळसा-पाणी द्या, कुठेही पेटेल. विजेच्या इंजिनाची चूल वर तारेत असते. इथल्या तारेत ११ हजार व्होल्ट आहेत, १६.७ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तेवढी आवर्तनं. त्या काळच्या मोटारींना ५० हर्ट्झ झेपायचे नाहीत, मोटारीच्या आत वीज पोचवणाऱ्या फिरत्या भागावर, कम्युटेटरवर, ठिणग्या उडायच्या, म्हणून १९१३ साली कमी आवर्तनं घेतली. तीच आजही आहेत, कारण सगळं जाळं त्यावर उभं आहे आणि बदलणं परवडत नाही. नवी कोरी गाडी आणि १९२९ सालची मगर एकाच तारेवर चालतात. छतावरचा वीज घेणारा हात, पँटो, वर केला की झालं.

आपली तार मात्र बदलली. मुंबईचा १५०० व्होल्ट डीसी टप्प्याटप्प्याने काढून २५ हजार व्होल्ट एसी आणला आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरच्या कुर्ला-सीएसटी टप्प्यावर डीसीची शेवटची गाडी धावली. पहिली धावली तोच टप्पा. बदल योग्यच होता, जास्त आणि लांब गाड्यांना तो हवाच होता. पण त्या रात्री खेकड्याची चूल विझली. आता त्याला कितीही तेलपाणी करा, स्वतःच्या पायावर तो पुन्हा घाट चढायचा नाही.

बाकी स्विस माणूस फार हळवा आहे असं समजू नका. पंधरापैकी निम्म्याहून जास्त मगरी भंगारात गेल्या. वाचलेल्यांपैकी एक लुत्सर्नच्या संग्रहालयात आहे, एक बर्ग्यूनला रेल्वे संग्रहालयासमोर उभी आहे. दोन धावतात, कारण त्यांच्या खालचा मार्ग रोजच्या माणसांसाठी जिवंत आहे. शाळेची पोरं, दूध, लाकूड, पर्यटक, सगळं त्यावरून जातं.

म्हणून मामा, रागावू नका, शकुंतलेबाबत मी तुमच्याऐवजी यवतमाळच्या मामेभावाच्या बाजूने आहे. आल्प्समध्ये अरुंद रूळ आहेत ते तीव्र वळणांसाठी. वऱ्हाडच्या सपाट काळ्या मातीत ते होते, कारण कापूस स्वस्तात न्यायचा होता. ते कारण संपलं. रूळ रुंद करा, पण गाडी रोज सोडा. शकुंतलेचं वाफेचं इंजिनही १९२१ चंच, मँचेस्टरचं, १९९४ पर्यंत राबलेलं. त्याची चूल त्याच्याच पोटात आहे, त्याला चार-पाच किलोमीटरचा जुना रूळ राखून ठेवला तरी पुरेल. खेकड्याला तेवढीही सोय नाही.

फिलिझूरला उभ्या मगरीचा आवाज फोनवर टिपून वडिलांना पाठवला होता. संध्याकाळी उत्तर आलं: “छान आहे. पण आपला उभा असला की कण्हायचा. हे नुसतं गुणगुणतंय.”